माहेरी, बुकिंग करून

माहेरी जायला आगाऊ पैसे भरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी भरले. दोन रात्री, तीन दिवस, चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून. पावती माझ्याकडे आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. पौडच्या पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो, त्या रस्त्यावर कुठेतरी, एवढं पुरे. नाव लिहिलं तर जाहिरात होईल, आणि ती फुकट करायची माझी तयारी नाही.

मी मारुंजीत खानावळ चालवते. नवरा टेम्पो चालवायचा तेव्हा चार डब्यांवर सुरुवात केली, आता रोज साठ ताटं उठतात. जेवणारे बहुतेक हिंजवडीत कामाला, कुणी लातूरचा, कुणी अमरावतीचा. त्यांतल्या चेतनने जूनमध्ये एकदा जेवता जेवता मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, काकू, बघा काय भारी जागा आहे, तुमच्याच तालुक्यात. मी बायकोला घेऊन जाणार आहे.

मोबाइलमध्ये माझा धाकटा भाऊ दत्ता होता. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, भाताच्या खाचराच्या बांधावर उभा. सांगत होता की तो अकरा वर्षांचा असताना पावसात वरच्या खाचराचा बांध फुटला. घरात मोठं माणूस नव्हतं. पाणी खाली सुटलं असतं तर नुकतं लावलेलं सगळं भात वाहून गेलं असतं. मग तो त्या खिंडारात आडवा झाला, पाठीने पाणी अडवलं आणि दिवेलागण होईपर्यंत हलला नाही. "म्हनून ही शेती आज हाय," असं म्हणून त्याने हात जोडले. खाली लोकांनी पाणावलेल्या डोळ्यांची चित्रं टाकली होती.

त्या खिंडारात मी होते. अकरा वर्षांची मी होते. दत्ता चार वर्षांचा होता. त्याला मी पावसाच्या इरल्याखाली बांधावर बसवलं होतं आणि तो सगळा वेळ भूक लागली म्हणून रडत होता. माझ्या कमरेवर डाव्या बाजूला दगड रुतल्याची खूण आहे. ती कुठल्या व्हिडिओत नाही.

आता पौडची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा राग तुम्हाला वेडगळ वाटेल. वडील गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी मी पौडला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा दत्ताला सोडून दिला. आमच्याकडे बहिणी देतात. जी देत नाही तिला माहेर उरत नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडत नाही अशी मी बाई, तिथे एका शब्दाची घासाघीस केली नाही. दत्ताने स्टँडसमोर मिसळ खाऊ घातली, साडी दिली आणि म्हणाला, "आक्का, नाव माझं, पर घर तुझंच." मी ते खरं मानलं.

फोन करून भांडता आलं असतं. पण फोनवर तो म्हणाला असता, आक्का, राग सोड. बहिणीने राग सोडायचाच असतो. गिऱ्हाइकाचा मात्र ऐकून घ्यावा लागतो, हे मला धंद्याने शिकवलं आहे. म्हणून मी गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. चेतनच्याच तारखा धरून खानावळीच्या दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला, "मारुंजीहून एक बाई, एकटी." दर आला. मी लिहिलं, पावसात शेकोटी होणार नाही, तिचे कापा. ओढ्यात डुंबणार नाही, त्याचे कापा. एकटी बाई दोन भाकरी खाते, ताटाचे कापा. तीन दिवस मेसेज चालले. शेवटी सातशे रुपये उतरवले.

माण, घोटावडे, पौड

चेतनने गाडीतून येण्याचा आग्रह केला. त्याची बायको ऋतुजा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर त्यांची भलीमोठी बॅग. गाडीत मी आमच्या नात्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मारुंजी आणि माण यांच्यामधला रस्ता तुम्ही दहा वर्षांपूर्वी पाहिला असेल तर आता ओळखणार नाही. नेऱ्याकडे वळणाऱ्या फाट्यावर एका शेतात भात लावलेलं होतं आणि त्याच शेताच्या कडेला फ्लॅट विक्रीचा बोर्ड. लावणाऱ्याने हे शेवटचंच पीक म्हणून लावलं असेल. घोटावड्याच्या पुढे मात्र डोंगर जवळ येतात, गाडीच्या काचेवर धुकं बसतं आणि माणसं कमी आवाजात बोलायला लागतात. ऋतुजा तीनदा "वॉव" म्हणाली. मी अशाच रस्त्याने दहावीला पायी जायची, पण माझ्या तोंडून कधी तसा शब्द निघाला नव्हता. कदाचित पायांत चप्पल नसल्यामुळे.

पौडला चहाला थांबलो. हक्कसोडीच्या दिवशी जिथे मिसळ खाल्ली ते हॉटेल अजून आहे. मी त्यात गेले नाही. टपरीवर उभ्याने चहा घेतला आणि तो पाणचट होता म्हणून टपरीवाल्याशी भांडले. खरं तर चहा बरा होता.

गोठा

फाटकावर कमान आहे. कमानीवर आमच्या वडिलांचं नाव, त्याखाली "वडिलोपार्जित शेतीचा अनुभव घ्या", त्याखाली दत्ताचं नाव आणि फोन. मी कमान दोनदा वाचली. आणखी नावं मावतील एवढी जागा होती.

आमच्याकडे सासरहून लेक आली की दारात तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, मग ती आत येते. पैसे भरून आलेल्या पाहुण्यांसाठी दत्ताने दुसरी रीत बसवली आहे. कुंकवाचं बोट, पुरुषाला टोपी, बाईला गजरा, हातात गूळ-पाणी. माझी भावजय शोभा ताट घेऊन पुढे आली. चेतनला टोपी घातली, ऋतुजाला गजरा दिला आणि मग माझ्याकडे वळली. तिचा हात ताटावरच राहिला. आत जाऊन भाकरी आणावी की हातातलं ताट पुढे करावं हे तिला कळेना.

"आक्का, तुमी?"

"माझं बुकिंग आहे," मी म्हणाले आणि पावती दाखवली.

चेतन-ऋतुजा एकमेकांकडे बघत राहिले. दत्ता पडवीतून खाली उतरला. त्याला धक्का बसेल म्हणून मी इतके दिवस वाट पाहिली होती. तो हसत होता.

"मला म्हाईत हुतं. शेकोटीचं पैसं कापून घेणारं दुसरं कोन आसनार? म्हनलं, गिऱ्हाईक म्हनून यायचंय, येऊ दे."

म्हणजे ओळखलं आणि पैसे घेतले. मी गजरा नाकारला, गूळ-पाणी प्याले, कारण ते दरात धरलेलं होतं.

दोन खोल्या आहेत. एक चेतनची. दुसरी माझी, म्हणजे आमचा जुना गोठा. भिंतींना गेरू, दाराशी तोरण, खिडकीला पडदा, आत पलंग. चंद्री म्हैस जिथे बांधायचो तिथे माझी उशी होती. गोठ्यात झोपायचं मला काही वाईट वाटलं नाही. लहानपणी ताप आला की आई मला चंद्रीच्या बाजूलाच उबेला निजवायची. पण चंद्रीला आम्ही कधी दर लावला नव्हता.

धंदा म्हणून बघायचं तर मी खोटं बोलणार नाही, त्याने बरंच नीट केलं आहे. शौचालय स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. भातावर वर्ष निघत नाही आणि या दोन खोल्यांवर निघतं, हे मलाही दिसत होतं. शेती करता करता जोडीला पाहुणे घेणं हा पावसाळ्यात खरा कष्टाचा धंदा आहे. चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. शोभा त्या चुलीवरच्या दोरीवर टाकते आणि मग पाहुणे विचारतात की चादरीला धुराचा वास का येतो. तीही उत्तर देते, "गावचा वास हाय." पण जेवायला पनीर! बांधावर कुर्डूची रानभाजी उगवलेली, ओढ्यात खेकडे, आणि पुण्याहून आणलेलं पनीर. मी ताट बाजूला सारलं आणि शोभाला म्हणाले, उद्यापासून मला नाचणीची भाकरी आणि कुर्डू. तिला इतकं बरं वाटलं की ती बसूनच राहिली. म्हणाली, पनीर तिला करता येत नाही, व्हिडिओ बघून करते.

संध्याकाळच्या चहाला दत्ताने फेटा बांधला आणि आम्हा तिघांना वरच्या बांधावर नेलं. मला वाटलं, मी समोर असताना तो आज ती गोष्ट टाळेल. त्याने टाळली नाही. सगळी सांगितली, तेच खिंडार, तोच पाऊस, तेच हात जोडणं. ऋतुजाने डोळे पुसले.

मी गिऱ्हाईक होते, म्हणून प्रश्न विचारला. "तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बहीन हुती की. ती घरात हुती."

मी कप खाली ठेवला तो इतक्या जोरात की कान तुटून हातात आला. "कपाचे बिलात लावा," एवढं म्हणून मी खाली उतरले. त्या पोरांपुढे याहून जास्त बोलले असते तर शिव्या निघाल्या असत्या.

सात खाचरं

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी रानात गेले. आमची आठ खाचरं आहेत, पायऱ्यांसारखी, वरून खाली. रस्त्यालगतचं तेवढं लावलेलं होतं, आणि तेही कसं, कुठे एका जागी दहा रोपं, कुठे हातभर रिकामं. ते पाहुण्यांनी लावलेलं. "आवणीचा अनुभव", म्हणजे भातलावणीचा, दरपत्रकात आहेच. उरलेली सात खाचरं चिखल करून तयार होती आणि मोकळी होती. रोपं वाफ्यात उंच होऊन पिवळी पडायला लागली होती. भाताचं रोप वेळेत हललं नाही तर ते मुळाशीच पेर धरतं, मग लावलं तरी फुटवा येत नाही. आणखी दोन-तीन दिवस, फार तर.

परत येऊन शोभाला विचारलं. ती आधी चुलीत फुंकत बसली. मग म्हणाली, यंदा इर्जिकीला कुणी आलं नाही.

इर्जिक तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आवणीला प्रत्येक घरातून एक माणूस एकेकाच्या शेतावर जातं. आज तुमच्याकडे सगळं गाव, उद्या माझ्याकडे. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं, पोटभर आणि स्वतःच्या हाताने वाढून. मारुंजीत मला असं काही दिसत नाही. तिथे शेजारणीने पीठ दळून आणलं तरी रिक्षाचं भाडं विचारते. इर्जिक ही माझ्या माहेरची एकच गोष्ट आहे जिच्याबद्दल मी सासरी फुशारकी मारली आहे.

शोभा म्हणाली, "बबनतात्यांनीच बंद केलं. ते फुडं झाल्याबिगर कोन येत न्हाई. तुमी बोला त्यास्नी, आक्का. यांचं तोंड न्हाई."

बबनतात्या शेजारचे, आता सत्तरीच्या पुढचे. मला खिंडारातून ओढून काढलं ते त्यांनीच. त्यांच्या पडवीत गवती चहा घातलेला कोरा चहा मिळाला, फुकट, आणि त्यांनी माझ्या पावतीचा विषय स्वतःच काढला. गावात ती बातमी माझ्या आधी पोचली होती.

"आमच्या गावात लेक पैसं भरून आली. आता मी सोर्गात जायाचं तरी किती लागत्यात इचारून ठिवतो."

मी हसले नाही. त्यांना सरळ विचारलं, इर्जिक का मोडली.

त्यांचं म्हणणं असं. गेल्या वर्षी गाव दत्ताच्या शेतात वाकलं. बांधावर पाच-सहा पाहुणे उभे राहून फोटो काढत होते. पाहुण्यांनी आपल्याला बघायचे पैसे दिलेत, हे गावाला नंतर कळलं. तरी तेही गिळलं असतं. पण तात्यांच्या शेतावरच्या पाळीला दत्ता स्वतः आला नाही. पाहुणे होते म्हणून त्याने रोजाचा गडी पाठवला.

"पगारी गडी, आक्का. माझ्या चिखलात. मी त्याला जेवाय वाढलं, तर त्यो म्हनतोय, मालकानं मजुरी दिलीया, जेवान नगं. समद्या गावाफुडं मला भिकारी केला. गडी मला ठिवता येत न्हाई व्हय? इर्जिकीला मानूस घरातलं लागतं. ज्याच्यासंगं वाकलो त्याच्यासंगं जेवायचं, एवढंच तर आसतंय त्यात."

मी ऐकत होते आणि माझा राग वाढत होता. तात्यांचं वाकणं याने विकलं, माझं आडवं पडणं याने विकलं. दोन्हींचा मालक हा कधी झाला?

"तू वाकनार आसशील तर येतो," तात्या म्हणाले. "माहेरवाशीन चिखलात उतरल्यावर गाव घरी बसत न्हाई."

दुसरी कुणी असती तर पदर खोचून निघाली असती. मी म्हणाले, तात्या, इतकी स्वस्तात नका मला विकू. तुमच्या अटी सांगा, माझी एक मी त्यात लावते, आणि मग दत्ताकडे जाते. ते खूश झाले. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. पाहुण्यांनी बांधावर उभं राहायचं नाही, यायचं तर चिखलात यायचं आणि आमच्याच पंक्तीत जेवायचं. आवणीचा दर दरपत्रकावरून खोडायचा. उरलेल्या प्रत्येक घराच्या पाळीला दत्ता स्वतः येणार. आणि जेवण मटणाचं. पनीर दिसलं तर आम्ही उठू.

दत्ता विहिरीवर मोटारीशी खटपट करत होता. मी अटी सांगितल्या. तो चिडला. त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून लिहिते. पाहुणे एक तारीख ठरवून येतात, आवणी तारीख बघत नाही. पाहुण्यांना सोडून तो तात्यांकडे गेला असता तर पाहुण्यांनी वाईट लिहिलं असतं, आणि एका वाईट अभिप्रायाने महिनाभर खोली रिकामी राहते. गावाला हे समजत नाही. शेवटी म्हणाला, बरं, मान्य. पाळीला जातो, दर खोडतो.

"आणि माझी अट," मी म्हणाले. "उद्या पंगतीत, सगळ्यांपुढे, गोष्ट खरी सांगायची."

तो उभा राहिला. हात ग्रीसने काळे झाले होते. "आक्का, गोष्टच हाय ती. लोकांस्नी मालकाच्या तोंडची गोष्ट आवडतीया. माझी बहीन पडली हुती म्हनलं की इचारत्यात, मग ती कुटं हाय? मी काय सांगू? मारुंजीत ताटं वाढतीया म्हनून?"

"हो. तसंच सांग."

"तू हितं न्हाईस. रोज चिखल मी तुडवतो. पाठ माझी मोडतीया. पौडला सही केलीस तवा काय बोलली न्हाईस."

अकरा वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहत होते. "सहीच्या कागदावर गट नंबर होते, दत्ता. मी वाचून सही केली. आठ खाचरं, विहीर, गोठा, घर. त्यात तो दिवस लिहिलेला नव्हता. तो मी सोडलेला नाही."

त्याने वळून बटण दाबलं. मोटार चालू झाली, पाणी आलं. मग त्याने मान हलवली. मी म्हणाले, तोंडाने बोल. "सांगतो," तो म्हणाला.

पंगत

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस माणसं आली. घोंगडी-इरली कुणाकडे नव्हती, ती दत्ताच्या पडवीत फोटोसाठी टांगलेली. सगळ्यांनी डोक्यावरून खताच्या पिशव्यांची खोळ घेतलेली. मी साडी खोचली आणि उतरले. चिखल गार होता. रोपांची पहिली जुडी सोडून रोप हातात घेतलं तेव्हा अंगठ्याला आपोआप कळलं किती दाबायचं. कंबर मात्र अर्ध्या तासात बोलायला लागली, त्याच डाव्या बाजूने.

चेतनची ओळ वाकडी जात होती. तात्या त्याच्या मागे होते. "तुमच्या कंपनीत समदी आशीच तिरकी कामं करत्यात व्हय?" तो म्हणाला, काका, आमच्याकडे चुकलं की परत मागे जाता येतं. तात्या म्हणाले, "हितं मागं आमी हाय." ऋतुजाचा एक पाय चिखलात रुतून बसला, काढायला गेली तर बसलीच. तिला उठवायला गेलेली शोभाही बसली. त्यानंतर ती पोरगी दुपारपर्यंत हसत होती आणि तिची ओळ नवऱ्यापेक्षा सरळ होती.

दत्ता सगळ्यांत मागे. त्याचं पोट सुटलं आहे. बायका एकमेकींना सांगत होत्या, मोठ्याने, की मालकाला फेट्यात वाकता येत नाही का. त्याने फेटा काढून बांधावर ठेवला आणि खाली वाकला. मला तेव्हा त्याची दया आली, पण ती मी दाखवली नाही.

दुपार कलायच्या आत सातही खाचरं लागली. पडवीत दोन ओळी बसल्या. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, कांदा. रस्सा मी केला होता, मसाला पहाटे उठून भाजलेला. शोभा आणि दत्ता वाढत होते. तात्यांच्या पानात दत्ताने स्वतः भाकरी ठेवली, तात्यांनी ती क्षणभर बघितली आणि मोडली. तेवढ्यावर त्यांचं मिटलं. आमचं मिटायचं होतं.

"दत्ता," मी म्हणाले.

तो रश्शाचं भांडं धरून मध्ये उभा राहिला. चेतनकडे बघून म्हणाला, "परवा मी तुमास्नी गोष्ट सांगितली. बांधात मी न्हवतो पडलो. ही पडली हुती. आमची आक्का. मी बांधावर बसून रडत हुतो."

"भाकरी मागत हुता," तात्या म्हणाले. "मी हिला वढून काढली तर हिच्या अंगात थंडीनं हुडहुडी भरलेली, आन ह्यो म्हनतोय, आक्का, भाकर." पंगत हसली. दत्ताही हसला, आणि डोळे पुसायला रिकामा हात नव्हता म्हणून त्याने खांद्याने पुसले. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून जेवत होते. एवढ्या वर्षांनी मिळालेली गोष्ट चारचौघांत चघळायची मला सवय नाही.

निघताना दत्ताने पाकीट पुढे केलं. भरलेले सगळे पैसे, कपाचे न कापता. म्हणाला, बहिणीकडून घेतले, चुकलं. शोभा मागे भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. येताना राहिलं म्हणून जाताना तरी, असं म्हणत होती. भाकरतुकडा मी ओवाळून घेतला. पाकीट परत दिलं.

"पैसे ठेव. ते परत घेतले तर मी नुसती बहीण उरते. मला गिऱ्हाईक राहायचंय."

"कशापायी?"

"तक्रार करता यावी म्हणून."

फाटकापाशी अभिप्रायाची वही आहे. तिच्यात मी लिहिलं की खोली स्वच्छ, माणसं बरी, चादरीला धुराचा वास, पनीर बंद करावं, कुर्डूची भाजी उत्तम. वरच्या बांधाची गोष्ट यापुढे खरी सांगावी. खाली सही केली, माहेरच्या नावाने.

मारुंजी

इथे प्रवास संपला असं मी धरलं होतं. त्यानंतर महिना-दीड महिन्याने चेतन आई-वडिलांना घेऊन खानावळीत आला. ते अमरावतीहून आलेले, त्यांनाही तो शेत दाखवून आला होता. भात गुडघ्याएवढं झालंय म्हणाला. आवणीचा दर खरंच खोडलाय, आता पनीर नाही, भाकरी आहे. दत्ता तात्यांच्या शेतात स्वतः वाकून आला, हे मला गावाकडून आधीच कळलं होतं.

मी ताटं वाढता वाढता विचारलं, "आणि गोष्ट?"

"आता वेगळी सांगतात ना, काकू. तुमचं नाव घेतात. दोघं बहीण-भाऊ त्या बांधात एकमेकांना धरून आडवे पडले होते म्हणे, दिवेलागण होईपर्यंत. आमच्या बाबांना तर रडूच आलं."

त्याच्या बाबांनी मान डोलावली. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली, कारण त्यांची काही चूक नव्हती.

दोघं. चार वर्षांचं पोर, चड्डीत, भाकरीसाठी रडणारं, आणि आडवं पडलं होतं. म्हणजे दत्ताने घासाघीस केली. गाव समोर होतं तेव्हा पूर्ण दिलं, गाव हटल्यावर निम्मं परत घेतलं. त्याला वाटलं असेल, निम्म्यावर आक्का मानेल. कुणीही भाजीवाला त्याला सांगेल की मी निम्म्यावर मानत नाही.

त्याच संध्याकाळी मेसेज केला. मारुंजीहून एक बाई, एकटी, दोन रात्री, गोठ्याची खोली. दर आला, आणि त्याच्याखाली त्याने आपणहून लिहिलं होतं, "तुज्यासाटी सातशे कमी."

मी पूर्ण दर भरला. शेकोटीचे, डुंबण्याचे, ताटाचे, सगळे. या वेळी मला एक पैसाही कमी नको आहे, आणि गोष्टीत मीही त्याला काही कमी करणार नाही.